राहिलेलं उष्टावण

खाडीकाठच्या वलांड्या परवापासून पुन्हा भरायला लागल्या. दिवाळी उलटली की आमच्या वर्सोव्यात वारा कोरडा होतो, उन्हाचा तिखटपणा जातो आणि बायका ओल्या बोंबलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन किनाऱ्याकडे निघतात. वलांडी म्हणजे आडव्या दोऱ्या ताणलेला बांबूंचा उंच सांगाडा. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकून द्यायची. गाठ लागत नाही की काही बांधावं लागत नाही. दुपारपर्यंत सगळ्या दोऱ्या भरून जातात आणि कावळे हाकायला एखादी म्हातारी काठी घेऊन सावलीत बसते.

माझ्या शाळेतल्या एक बाई दर वर्षी या दिवसांत मला विचारतात, "अगं, एवढ्या वासात तुम्ही राहता कशा?" मी दर वर्षी सांगते, "नाकाने." त्यांना ते उत्तर आवडत नाही आणि मला तो प्रश्न आवडत नाही, त्यामुळे आमचं बरं चाललंय. खरं म्हणजे कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला तो वास येतच नाही. हंगाम आलाय एवढंच कळतं.

गेली काही वर्षं मात्र मला येतो. आणि त्या वासात मला आणखी काहीतरी मिसळलेलं जाणवतं. स्पिरिट, दुधाची पावडर, गरम झालेली प्लास्टिकची नळी. मग कानात घरघर सुरू होते. आमच्या पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या खाली, एक अख्खा हंगाम ऑक्सिजनचं यंत्र चालू होतं. त्याची ती घरघर. त्या हंगामाबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. लिहिलं की ते पुन्हा घडल्यासारखं होणार, आणि कागदावरही ते तसंच घडणार.

दुर्वा माझ्या धाकट्या बहिणीची, वैशूची मुलगी. सातव्या महिन्यात जन्मली. तिचं पहिलं झबलं वैशूच्या नवऱ्याने बाहुल्यांचे कपडे मिळतात त्या दुकानातून आणलं होतं, आणि तेही तिला ढगळ झालं. जन्मानंतरचे कितीतरी महिने ती काचेच्या पेटीत आणि मग दवाखान्यातल्या खाटेवर होती. फुप्फुसं कच्ची, अंगात ताकद नाही, दूध गिळायला गेली की ते श्वासनळीत जायचं. शेवटी डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. सिरिंजने दूध थेट पोटात. नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी, गालांवर ती चिकटवलेल्या पट्ट्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, मूल नाजूक आहे, पण मूल तयार आहे. आता शिकवायचं.

वैशूचं सासर नाहूरला. पण मुलांना असं शिकवणारं केंद्र अंधेरीला होतं, आणि नाहूरहून रोज इतकं सगळं लटांबर घेऊन येणं अशक्य. म्हणून ती दुर्वाला घेऊन माहेरी आली. नवरा रविवारी यायचा, मुलीच्या पायाशी बसायचा आणि संध्याकाळी परत जायचा. घरात आई, मी आणि हरेशदादा. मी लग्न केलेलं नाही. आमच्या गल्लीत ही माहिती माझ्या नावाच्या आधी सांगतात. शाळा माझी सकाळची. त्यामुळे दुपारी दुर्वाला केंद्रावर नेण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी त्याच.

रिक्षात माझ्या मांडीवर दुर्वा आणि पायांत ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. एक रिक्षावाला आरशातून सारखा मागे बघत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, हे फुटणार नाही ना?" मी म्हटलं, "तुम्ही खड्डे चुकवा, आम्ही फुटत नाही." त्यानंतर त्याने अशी रिक्षा चालवली की जणू आत काचसामान भरलंय. केंद्र म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबलचक खोली. निळ्या गाद्या, भिंतभर आरसा, मोठाले चेंडू. आणि मुलं. कोणी मान सावरायला शिकतंय, कोणी बसायला, कोणी भिंतीला धरून एक पाय उचलायला. आमच्या शेजारच्या गादीवर देवनारहून येणारी एक आई असायची. तिचा मुलगा पहिल्यांदा आधाराशिवाय बसला तेव्हा अख्खी खोली थांबली आणि टाळ्या पडल्या. मुलगा घाबरून पुन्हा आडवा झाला.

मी शाळेत वर्षानुवर्षं प्रगतिपुस्तकं भरत आले आहे. 'समाधानकारक' हा शब्द माझ्या हाताला इतका सवयीचा आहे की झोपेतही लिहीन. पण प्रगती म्हणजे काय ते मला त्या गादीवर कळलं. दुर्वा पालथी घातल्यावर मान उचलायची आणि आरशात स्वतःला बघायची. मान थरथरायची, कपाळावर घाम यायचा, आणि मग डोकं धपकन खाली. आठवड्याभराने तेच, पण थोडा जास्त वेळ. असं करत करत एक दिवस ती मान उचलून आरशातल्या मुलीकडे बघून हसली. मी रिक्षात घरापर्यंत रडत आले. वैशूला वाटलं काहीतरी वाईट झालं.

केंद्रात गिळायला आणि खायला शिकवणाऱ्या होत्या झीनत मॅडम; त्यांच्या तासाला वैशूही यायची. जोगेश्वरीच्या. बोलायला एकदम फटकळ, आणि हात मात्र लोण्यासारखे मऊ. पहिल्याच भेटीत त्यांनी दुर्वाचं तोंड, जीभ, गळा सगळं नीट तपासलं. दवाखान्यातून चाचणी करून आणली. मग वैशूला समोर बसवलं.

"हे बघ, हिला आता थोडं थोडं जमणार. पण पोट भरायचं काम नळीचंच. तोंडाला फक्त चव द्यायची. समजलं ना? डाळीचं पाणी कर, त्यात तुझं बोट बुडव आणि हिच्या ओठांना लाव. बस. तिने चाटलं तर चाटलं. रोज, हसत-खेळत. नाहीतर ना, हे तोंड विसरून जाईल की ते कशासाठी आहे."

वैशूने मान डोलावली. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरात जाऊन डाळीचं पाणी वाटीत काढलंही. आईने बघितलं.

"काय करतेस?"

"चव द्यायला सांगितलीय."

"उष्टावण झाल्याबिगर? पोरीला मामा नाय काय? माजा लेक जिता हाय अजून."

वैशूने वाटी खाली ठेवली. दादा त्या दिवशी समुद्रात होता.

इथे दादाबद्दल सांगायला हवं, नाहीतर आई नुसती हेकट वाटेल. उष्टावणाचा पहिला घास मामाने भरवायचा ही रीत घरोघरी आहे. पण आमच्या घरात भरवणं म्हणजेच हरेशदादा. वडील गेले तेव्हा वैशू रांगत होती. आई पहाटे मासळी उचलायला निघून जायची ती बाजार संपवून दुपारी यायची. मधल्या वेळात दादा आम्हा दोघींना जेवायला घालायचा. स्वतः शाळकरी मुलगा, पण पापलेटाचा काटा असा काढायचा की ताटात उरायचा नुसता मासा. भाताचा गोळा करायचा, त्यात मासा दाबायचा आणि म्हणायचा, "आ कर, होडी आली." त्याच्या बोटांना मीठ आणि जाळ्याचा वास असायचा. मी आजही एकटी जेवायला बसले की कधीकधी मला पहिला घास जरा कमीच वाटतो.

मोठा झाल्यावर तो होडीवर गेला, मग तांडेल झाला, म्हणजे होडीचा मुख्य. एकदा बाहेर पडला की आठवडा-दहा दिवस परत नाही. दुर्वा जन्मली तेव्हा तो समुद्रात होता. तिला श्वासाचं यंत्र लावलं तेव्हाही, आणि यंत्र काढलं तेव्हाही. प्रत्येक वेळी किनाऱ्याला लागल्यावर त्याला बातमी कळायची, तीसुद्धा शिळी. त्याला स्वतःचं मूल नाही. वहिनी लग्नानंतर लवकरच गेली. एकदा तो दुर्वाच्या उशाशी बसून म्हणाला, "वैशू, मी हिच्यासाठी काय पण नाय केलं गं. उष्टावण तेवढं माझ्या हातचं राहू दे."

त्यावर कोण नाही म्हणणार? वैशू नाही म्हणाली नाही, मी नाही म्हणाले नाही. आम्हाला दोघींना ते मनापासून हवं होतं. ज्या हाताने आम्हाला वाढवलं त्या हातचा पहिला घास आमच्या पोरीला मिळावा, यात अंधश्रद्धा कसली? आम्हाला तर तो दादाचा मान वाटला. आणि थांबायचं ते किती? दादा आला की एका दुपारी उरकून टाकू. पोट तर नळीने भरतच होतं.

पण त्या हंगामात दादाची होडी आणि दुर्वाची छाती यांचं काही जुळेना. दादा किनाऱ्यावर असला की तिला ताप. ताप उतरला, कफ सुटला, मुलगी खुदुखुदु हसायला लागली की दादा मढच्या पलीकडे कुठेतरी. एकदा सगळं जमलं, आईने खीर शिजायला ठेवली, आणि दुर्वाचा श्वास असा चढला की खीर तशीच राहिली आणि आम्ही दवाखान्यात. दिवाळी गेली, थंडी आली. वलांड्या भरत होत्या, रित्या होत होत्या. यंत्र घरघरत होतं. दुर्वा बसायला लागली, कोपऱ्याच्या खास खुर्चीत पट्टा लावून; हात पुढे करून खुळखुळा ओढायला लागली; ऑक्सिजन थोडा थोडा कमी झाला. सगळीकडे पुढे जात होती. एक तोंड तेवढं आम्ही तिच्या मामासाठी कोरं ठेवलं होतं.

झीनत मॅडम विचारायच्या, "चव देता ना रोज?"

वैशू म्हणायची, "हो मॅडम, देतो ना."

वैशू लबाड नाही. बाईंना वाईट वाटू नये आणि घरची गोष्ट बाहेर जाऊ नये, एवढ्याचसाठी. आम्हा कोळणींना बाजारात कोणी दोन शब्द बोललं तर आम्ही चार परत करतो, पण पांढरा कोट घातलेल्या माणसासमोर आमची जीभ टाळूला चिकटते. मॅडम मात्र कोड्यात पडायच्या. त्यांचं बोट जवळ आलं की दुर्वा मान फिरवायची, ओठ घट्ट मिटायची. "चव मिळते तर अशी का करते ही?" त्या स्वतःशीच म्हणायच्या.

आता कळतं. त्या मुलीच्या तोंडाकडे तोवर जे जे आलं होतं ते दुखवायलाच आलं होतं. नळ्या, चिकटपट्ट्या, कफ ओढायची ती थंड नळी. एकदाही कोणी गोड काही घेऊन आलं नव्हतं. आम्ही जे गोड होतं ते वाटीत झाकून ठेवलं होतं.

शाळेत डब्याच्या सुट्टीत मी व्हरांड्यातून फेरी मारते. पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालतात, कोणी कोणाला बळेच पोळीचा तुकडा कोंबतं. त्या दिवसांनंतर मला ते नीट बघवत नाही. गल्लीतून जाताना एखादी आई पोराला कडेवर घेऊन काऊ दाखवते आणि वाटीतला भात भरवते, तेव्हा मी चप्पल बघत पुढे जाते. मला हेवा वाटतो. परक्या बायांचा, त्यांच्या खरकट्या बोटांचा हेवा. या वयात हे लिहायला लाज वाटते, पण वाटतो ते वाटतो.

शेवटी शिमगा आला. होळीला आमच्या सगळ्या होड्या किनाऱ्याला येतात. पताका लागतात, नाखवे, म्हणजे होड्यांचे मालक, नवे कपडे घालतात, दर्यावर त्या दिवसांत कोणी जात नाही. दादा घरी होता आणि दुर्वाला ताप नव्हता. आईने नातेवाइकांना सांगितलं. नाहूरहून सासरची माणसं आली. वैशूने दुर्वाला हिरवा परकर-पोलका घातला. ऑक्सिजनची नळी पोलक्याच्या पाठीतून वर काढली, म्हणजे फोटोत येणार नाही. दादाने हात धुतले, पुन्हा धुतले, नखं बघितली, पुन्हा धुतले. पाटावर मांडी घालून बसला आणि दुर्वाला मांडीवर घेतलं.

खिरीचं बोट जवळ आलं तशी दुर्वाने मान फिरवली. सगळे हसले. पुन्हा आलं, तिने ओठ मिटले. मग बायकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. हसव तिला. खुळखुळा दाखव. अरे, तोंड उघडेल तेव्हा घाल पटकन, पोरं अशीच करतात. ती रडायला लागली. रडताना तोंड उघडलं. दादाने घास घातला.

तो काही मोठा नव्हता. दुसऱ्या कुठल्याही मुलाने गिळला असता किंवा थुंकला असता. दुर्वाला त्याचं काय करायचं ते माहीतच नव्हतं. ती ठसकली, ओकली, श्वास अडकला आणि ओठ निळे पडले. वैशूने तिला दादाच्या मांडीवरून ओढून घेतलं, उपडी केली, कफ ओढायचं यंत्र सुरू केलं. कोणीतरी किंचाळत होतं, बहुतेक मीच. दादा पाटावर तसाच बसून होता, हात पुढे धरलेला, बोटांना खीर लागलेली.

वाचली. आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ती वाचली म्हणून आहे. छाती भरली होती, पुष्कळ दिवस दवाखान्यात काढावे लागले, जेवढा ऑक्सिजन कमी झाला होता तेवढा पुन्हा वाढला. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, संसर्ग आधीपासून असणार, एका घासाने एवढं होत नाही, मनाला लावून घेऊ नका. दादाने ते ऐकून घेतलं आणि दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसला.

दवाखान्यातून सुटल्यावर वैशूने केंद्रात जाऊन झीनत मॅडमना खरं सांगितलं. मी शेजारी होते. आम्हाला वाटलं, आता खरडपट्टी होणार. दुर्वा त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती, मॅडम तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "मला एकदा सांगायचं ना. मामाला इथेच बोलावलं असतं. होडी लागेल त्या दिवशी. त्याचंच बोट, खिरीत बुडवून नुसतं ओठाला लावायचं. तुमचं उष्टावण पण झालं असतं आणि माझं काम पण."

त्या दिवसापासून आजपर्यंत हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. इतकं सोपं होतं ते. ओठाला लावलेलं बोट. आमची रीत मोडली नसती, आईचा शब्द खाली पडला नसता, दादाला त्याचा घास मिळाला असता. फक्त आम्ही घरच्यांनी मॅडमशी आणि एकमेकांशी बोलायला हवं होतं, आणि आमच्याकडे त्या हंगामात बोलणं सोडून सगळं चाललं होतं. दोष कोणाचा म्हणून शोधायला बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा येतो आणि हातात काहीच उरत नाही. मी शोधणं सोडून दिलंय. हळहळ मात्र सुटत नाही.

मग मॅडमनी नवा नियम घातला. "आता हिच्या तोंडात कोणी काही घालणार नाही. आई नाही, मावशी नाही, मी पण नाही. जे जाईल ते हिच्या स्वतःच्या हाताने. वेळ लागेल. लागू दे."

भरवायचं नाही! आमच्या घरात! पाहुणा उंबऱ्यात आला तरी आई त्याच्या तोंडात काहीतरी कोंबते. माया म्हणजे काय ते दाखवायची दुसरी रीतच आम्हाला येत नाही. रुसलेल्याला घास, आजाऱ्याला घास, नवरीला घास. आता त्या मुलीसमोर नुसतं ताट ठेवायचं आणि हात मागे बांधून बसायचं. मऊ भात, कुस्करलेलं केळं, दही. तिने त्यात हात मारावा, कुस्करावं, गालाला फासावं, आपल्या अंगावर उडवावं. आई डोळ्यांना पदर लावायची. "अन्नाशी खेळतात व्हय?" म्हणायची आणि तरी रोज ताट वाढून द्यायची. किती महिने दुर्वा फक्त हात माखून घेत होती. तोंडाजवळ हात आला की थांबायचा, आणि आमच्या सगळ्यांचा श्वास त्याच्याबरोबर थांबायचा.

दादा त्या वेळी घरात नसायचा. किनाऱ्यावर असला तरी ताट आलं की तो उठायचा. जाळं शिवायचंय, डिझेल बघायचंय, काहीही. एरवी तो तिला खांद्यावर घेऊन सगळा कोळीवाडा फिरवायचा, होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला बसवायचा, तिच्या ऑक्सिजनचा सिलिंडर दुसऱ्या खांद्यावर लटकवून. दुर्वाचं हसणं सगळ्यात मोठं असायचं ते मामाबरोबर. पण खाण्याची वेळ झाली की त्याला घर जड व्हायचं. एकदा मी दारात अडवलं. "दादा, बस ना रे. तिला काय तो दिवस आठवतो का?"

"तिला नाय आठवत," तो म्हणाला. "माज्या हाताला आठवतो."

तिने पहिल्यांदा बोट चाटलं ते एका साध्या मंगळवारी. कोणाचं लक्षही नव्हतं. आई मासे साफ करत होती, वैशू फोनवर नवऱ्याशी बोलत होती, मी वह्या तपासत होते. दुर्वाने कालवणभाताने माखलेली तर्जनी तोंडात घातली, काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा घातली. मी वैशूला बोलवायला वहीवर पेन आपटलं. दादा होडीवर होता. त्याला दोन दिवसांनी कळलं, नेहमीसारखं शिळं. फोनवर म्हणाला, "कसली चव घेतली पोरीनं?" मी सांगितलं, बोंबलाच्या कालवणाची. तो हसला, आणि मला ते पुन्हा सांगायला लावलं.

आता यंत्र गेलं. देव्हाऱ्याखाली पुन्हा आईची सुपं आणि टोपल्या आल्या. दुर्वा नाहूरच्या घरी राहते, बालवाडीत जाते, पायांत पट्ट्यांचे बूट घालून डुगडुगत चालते आणि जिना चढताना सगळ्यांना "सोड" म्हणते. पोटातली नळी अजून आहे, आजारपणासाठी ठेवलेली. तिला ती 'माझं बटन' म्हणते. वजन कमी आहे, थंडीत छाती धरते, पण जेवते. हळूहळू, वेळ लावून, प्रत्येक घास आधी बोटांनी तपासून, सगळं स्वतःच्या हाताने. झीनत मॅडम तिला बघून म्हणतात, "एकदम झकास." मीही म्हणते. ती जेवताना मी इतकी खूश असते की माझं ताट निवतं.

आणि त्याच वेळी मला कळतं की आमच्या घरातलं हे एकच मूल असं आहे ज्याला तो खिरीचा एक घास सोडला तर कोणीही कधी घास भरवला नाही. आईने नाही, आजीने नाही, मी नाही. तिला त्याचं काही नाही. तिला ते ठाऊकच नाही. जे राहून गेलं ते आमचं राहून गेलं. एका वयापर्यंतच माणूस दुसऱ्याच्या हातचं आ करून खातं, आणि दुर्वाचं ते वय घास थांबवून ठेवण्यात आणि मग तो विसरायला लावण्यात निघून गेलं. ते आता येणार नाही.

गेल्या रविवारी वैशू तिला घेऊन आली होती. दादाही घरी होता. हल्ली तो ताट आलं तरी बसतो. आईने त्यासाठी त्याच्याशी मोठं भांडण केलं. पंगत बसली. दुर्वा त्याच्या शेजारी, पाटावर, बुटांसकट. आई वाढत होती, सगळे एकदम बोलत होते, कोणाच्या तरी होडीचं इंजिन बंद पडलं त्याची गोष्ट चालली होती. दादाही बोलत होता. बोलता बोलता त्याने भात कालवला, गोळा केला, अंगठ्याने त्यात मासा दाबला. आणि बघता बघता त्याचा हात उठून दुर्वाच्या तोंडासमोर गेला. त्याच्या ध्यानातही नव्हतं. आम्हाला भरवताना जायचा तस्साच.

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. मग दादाला कळलं आपण काय केलंय. त्याचा चेहरा उतरला, पण हात मागे घेणं त्याला सुचेना.

दुर्वा त्या हाताकडे बघत राहिली. ती घाबरली नाही. मान फिरवली नाही, ओठ मिटले नाहीत. कोणी असा हात का पुढे करतं, हे तिला कळेना एवढंच. तिने आपला भाताने भरलेला हात त्याच्या मनगटाला लावला आणि तो हळूच त्याच्याच तोंडाकडे वळवला.

"मामा, तू खा," ती म्हणाली. "माझा माझ्याकडे आहे."

दादाने तो घास खाल्ला. मान खाली घालून, बराच वेळ चावून. आई "भात हवा का कोणाला" असं विचारत उठली, आणि उत्तराची वाट न बघता सगळ्यांच्या ताटात थोडा थोडा वाढत गेली.